नव्या डब्यातलं पीठ

आठ दिवसांपासून जर्मन विशेषणांच्या शेपटांचा, म्हणजे प्रत्ययांचा, तक्ता पाठ करतोय. 'डास नॉयं हाउस' (ते नवं घर), पण 'आइन नॉयेस हाउस' (एक नवं घर). घर तेच, नवेपण तेच, मग हा 'स' आला कुठून?

आज सकाळी जळगावच्या घरी कळण्याच्या भाकरी थापता थापता आई म्हणाली, "नव्या डब्यातलं पीठ दे रे."

नव्या! नवा डबा, नवी पिशवी, नवं मडकं; पण पुढच्या नामाला 'त' किंवा 'ला' लागलं की तिन्हींचं 'नव्या'. जर्मनमध्येही आर्टिकलसोबत ('डास', 'आइन' अशा नामाआधीच्या शब्दासोबत) डाटिफ, म्हणजे चतुर्थी, विभक्ती आली की तिन्ही लिंगांना एकच 'एन'. इन डेम नॉयन हाउस. नव्या घरात. किती जवळचं आहे हे!

मग 'स'चंही कोडं सुटलं. 'डास' स्वतःच लिंग सांगतो, म्हणून विशेषण निवांत. 'आइन'वरून ते कळत नाही, म्हणून ते काम विशेषणाच्या अंगावर येतं.

तक्ता मिटला आणि तिथेच ओट्याशी उभं राहून दहा वाक्यं लिहिली. वहीच्या कडेला पिठाची बोटं उमटलीत. पुसली नाहीत.