अनुदान जमा होईपर्यंतचा व्यवसाय

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी 2010 साली आम्ही दोघा भावांनी ठिबक संचाच्या सुट्या भागांचे दुकान थाटले, तेव्हा गिऱ्हाईक मुख्यतः मोसंबीवाले होते. नवा संच बसवणारे थोडे आणि फुटलेली लॅटरल (पिकाच्या ओळीतून जाणारी बारीक नळी), तुंबलेला ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) किंवा गळका फिल्टर घेऊन येणारे फार, असा तो धंदा होता. 2012-13च्या दुष्काळाने तो पार बदलून टाकला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि अनेकांनी त्या मुळासकट काढून टाकल्या. याच जिल्ह्यातील कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र त्या वर्षीही तगल्या, कारण तेथे 1990च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली होती आणि त्यानंतर शेतकऱ्यांनी शेततळी घेतली होती. कडवंची पाहून आलेली माणसे आमच्या दुकानी शेततळ्याच्या कागदाची, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या जाड प्लॅस्टिकची, चौकशी करू लागली आणि आम्ही त्या कामात उतरलो.

शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 साली आली. 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन मीटर खोलीच्या तळ्यासाठी जास्तीत जास्त 50,000 रुपये अनुदान होते आणि शेतकऱ्याकडे किमान 0.60 हेक्टर जमीन असणे आवश्यक होते. एकास एक उताराने खोदलेल्या अशा तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. परंतु हे अनुदान खोदाईचे होते. अस्तरीकरणाचा, म्हणजे कागद अंथरण्याचा, खर्च त्यात धरलेला नव्हता, आणि मुरमाड जमिनीत कागदाशिवाय पाणी टिकत नाही. आमचे काम तेथून सुरू होत असे.

हे काम बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात पोकलेनने खोदलेल्या तळ्याच्या भिंतींतून डोकावणारे दगड आणि मुळ्या हाताने वेचाव्या लागतात, काठावर चर घेऊन कागदाची कड त्यात पुरावी लागते आणि पाचशे मायक्रॉनच्या पट्ट्यांचे जोड यंत्राने तापवून चिकटवावे लागतात. दुपारच्या उन्हात कागद प्रसरण पावतो, रात्री आक्रसतो. म्हणून तो ताणून बसवला तर पहिल्या हिवाळ्यातच जोडावर ओढ येते. उंदीर आणि कुत्र्यांच्या नखांचा त्रास वेगळाच. ओल्या कागदावरून माणसाला वर चढता येत नाही आणि अशा तळ्यांत बुडून मुले दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यामुळे चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडल्याशिवाय आणि तारेचे कुंपण झाल्याशिवाय आम्ही तळ्यात पाणी घेऊ देत नाही. कुंपणाचे पैसे कशाला, असा वाद घालणारेही भेटतात.

तथापि, या व्यवसायात आमचे खरे भांडवल यंत्रात नव्हे, तर उधारीत अडकलेले आहे. ठिबकसाठी केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान मिळते आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक रक्कम मिळून ते अनुक्रमे 80 आणि 75 टक्क्यांवर जाते. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंडावर, म्हणजे संचाच्या ठरवून दिलेल्या खर्चावर, मोजली जाते, आमच्या बिलावर नव्हे, हे प्रत्येकाला कोटेशन देतानाच समजावून सांगावे लागते. त्याहून मोठी अडचण अशी, की पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने आधी पूर्ण खर्च करायचा, मग बिल अपलोड करायचे, मग मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, व्हायची आणि त्यानंतर रक्कम थेट त्याच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे ज्याच्या गाठीला शंभर रुपये आहेत, त्यालाच ऐंशी परत मिळतात. बाकीचे म्हणतात, “भाऊ, संच आत्ता टाका, अनुदान आलं की पहिले तुमचे.” यातले बहुसंख्य लोक शब्द पाळतात, पण निधीअभावी रक्कम रखडली, की आमच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेकडून धंद्यासाठी उचललेल्या कर्जाचे, व्याज मात्र थांबत नाही. टक्केवारी वाढवण्यापेक्षा रक्कम वेळेवर आली, तर लहान शेतकऱ्याचा अधिक फायदा होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे मागणी एकदम वाढली. त्यात गावांची निवड पाणलोटाच्या समूहानुसार झाल्याने बांधाच्या अलीकडचे गाव यादीत आणि पलीकडचे बाहेर, असे घडत होते. त्याचा जाब लोक दुकानदारालाच विचारत. पुढे महाडीबीटी या शासकीय योजनांच्या पोर्टलवर एकच अर्ज आणि सोडत आली, आणि 2025पासून सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्यास प्राधान्य मिळू लागले. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) आणि अर्ज यांसाठी आम्ही दुकानात एक वेगळे टेबलच ठेवले आहे. त्याचे पैसे घेत नाही, कारण अर्ज चुकला तर उधारी आमचीच बुडते.

एका बाबतीत मात्र आम्ही ताठर आहोत. अनेक तळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उपसून मराठवाड्याच्या मे महिन्यातील उन्हात उघडे ठेवायचे आणि शेजाऱ्याची विहीर आटवायची, याला जलसंधारण म्हणता येत नाही. राज्याच्या 2009च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी 60 मीटर व त्याहून खोल बोअर घेण्यास मनाई आहे, तरी कोणाच्या शिवारात किती फुटांवर पाणी लागले, याच्या गप्पा चहाच्या टपरीवर उघडपणे चालतात. कोटेशनपूर्वी आम्ही शेताचा उतार पाहतो, ओघळीचे पाणी गाळ अडवून तळ्यात कसे आणता येईल ते दाखवतो आणि तशी सोय नसेल, तर लहान तळे सुचवतो. काही जण ऐकतात. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

सध्या हाती असलेली बरीचशी कामे जुना कागद बदलण्याची आहेत. 2016-17च्या सुमारास टाकलेला कागद आता उन्हाने कडक होऊन चिरू लागला आहे. ही कामे शेतकरी स्वतःच्या पैशाने, बहुतेक जण मोसंबी किंवा द्राक्षाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आल्यावर रोखीने करून घेत आहेत.