तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलांना शाळेत धर्म शिकवावा का?

मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. पालकसभा संपली की कुणीतरी मागे थांबतं आणि हा प्रश्न विचारतं. काहींना वाटतं, देवाधर्माची ओळख झाली नाही तर मूल बेलगाम होईल. काहींना शाळेत देवाचं नाव निघालेलंही चालत नाही. माझं उत्तर दोघांनाही पुरतं पटत नाही, हे मला माहीत आहे. लहान मुलांना धर्म पाळायला शाळेनं शिकवू नये. पण शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी काय मानतात, हे त्यांना शाळेत जरूर कळावं.

सहा-सात वर्षांचं मूल बाईंचं कसं ऐकतं, ते आधी बघा. पाच आणि तीन मिळून आठ होतात, हे बाई सांगतात. जग देवानं निर्माण केलं, हेही बाईच सांगतात. पहिली गोष्ट मूल मणी मोजून ताडून बघू शकतं. दुसरी ताडून बघायला त्याच्याकडे काही नाही, मोठ्यांकडेही नाही. तरी दोन्ही एकाच आवाजात, एकाच फळ्यासमोर सांगितलेल्या असतात, म्हणून दोन्ही सारख्याच खऱ्या. 'बाई म्हणाल्या' असं मुलानं म्हटलं की घरी कुणाची मात्रा चालत नाही. आईनं वेगळं सांगितलं, तर मुलाच्या मते दोघींपैकी एक चुकते आहे. माणसं प्रामाणिकपणे वेगवेगळं मानू शकतात, ही समज यायला वेळ लागतो. ती येण्याआधी मुलाला बाई आणि आई यांच्यात निवड करायला लावणं मला क्रूर वाटतं.

यावर सांगितलं जातं की ज्यांना नको त्यांना सूट द्यावी. कायद्यानंही अनेक ठिकाणी हाच मार्ग काढला आहे. इंग्लंडमध्ये 1944च्या शिक्षण कायद्यानं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत रोजची सामूहिक उपासना आणि धर्मशिक्षण सक्तीचं केलं, आणि पालकांना मुलाला त्यातून बाहेर काढण्याचा हक्क दिला. आपल्या घटनेचं 28वं कलम याहून पुढे जातं. पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचंच नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवायचं नाही.

कागदावर सूट उदार दिसते. वर्गात तिचा अर्थ असा होतो की सगळे हात जोडून उभे असताना एका सात वर्षांच्या मुलानं उठून बाहेर जायचं. अर्ज पालकांनी दिला, पण चालत बाहेर जाणारे पाय मुलाचे. मधल्या सुट्टीत 'तू का नव्हतास?' याचं उत्तरही त्यालाच द्यायचं. त्या वयात मुलांना सगळ्यांसारखं असण्याची केवढी ओढ असते! मग मूलच घरी येऊन म्हणतं, मला बाहेर जायचं नाही. पालक हरतात, आणि शाळा म्हणते, बघा, कुणाची काही तक्रार नाही.

नॉर्वेमध्ये हाच पेच न्यायालयात गेला. तिथे 1997मध्ये ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि तत्त्वज्ञान असा एकत्र विषय आणला गेला. त्यातून पूर्ण सूट नव्हती. ठरावीक भागांतून मिळायची, तीही मागणी कारणासह मांडल्यावर. काही मानवतावादी, म्हणजे धर्माऐवजी माणूस केंद्रस्थानी मानणारे, पालक युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि 2007मध्ये 9 विरुद्ध 8 मतांनी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. सूट मागायची तर घरातल्या खाजगी श्रद्धा शाळेपुढे उघड कराव्या लागण्याची वेळ येते, हाही मुद्दा न्यायालयानं धरला. मला तो फार मोलाचा वाटतो. आपण काय मानतो ते शाळेला सांगावं लागू नये, हाही धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे.

'मग सर्वांना चालेल अशी एखादी प्रार्थना घ्या', ही पुढची सूचना. न्यूयॉर्क राज्यात तसा प्रयत्न झाला होता. कुठल्याही पंथाचं नाव नसलेली, इंग्रजीत अवघ्या 22 शब्दांची प्रार्थना शिक्षण मंडळानं तयार केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1962मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, कारण प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही. माझा आक्षेप श्रद्धाळू घरांच्या बाजूनंही आहे. सगळ्यांना चालावी म्हणून इतकी पातळ केलेली प्रार्थना नेमकी कुणाची? ज्या घरात श्रद्धा खरोखर जगली जाते, तिथल्या मुलाला शाळेतली ही नक्कल काय देणार? शाळेत विषय आला की तास येतो, गृहपाठ येतो, गुण येतात. श्रद्धेला दहापैकी सहा गुण कसे द्यायचे? स्वतः न मानणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला तो तास आला, तर त्यानं काय करायचं? मुलांना खोटेपणा लगेच कळतो. श्रद्धाळू पालकांनी या गोष्टीला सर्वांत आधी विरोध करावा, असं मला मनापासून वाटतं.

संस्कारांची काळजी मला समजते, पण तिच्यामागचं गृहीत मला मान्य नाही. लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी कडक धार्मिक वातावरणात वाढलेल्या ख्रिस्ती आणि ज्यू मुलांना विचारलं होतं: देवानं हा नियम केलाच नसता तर? सुट्टीच्या पवित्र दिवशी काम करण्यासारख्या बाबतीत बहुतेक मुलं म्हणाली, मग चालेल. चोरीबद्दल मात्र म्हणाली, तरीही चूकच, कारण दुसऱ्याचं नुकसान होतं. माझ्या वर्गात मी रोज हेच बघते. ढकललं की लागतं, हे समजायला मुलाला आधी देवाची भीती घालावी लागत नाही. घरात धर्माच्या आधारानं चांगुलपणा शिकवत असाल तर अवश्य शिकवा. ती तुमची वाट आहे, आणि चांगली आहे.

आता उत्तराचा दुसरा भाग. धर्म वर्गाबाहेर ठेवू म्हटलं तरी तो राहत नाही. कुणाचे आजोबा जातात, मूल दोन दिवसांनी शाळेत येतं आणि दुसरं मूल विचारतं, 'ते आता कुठे आहेत?' एक म्हणतं देवाकडे, एक म्हणतं ते परत जन्म घेतील, एक म्हणतं कुठेच नाहीत. तिघंही माझ्याकडे बघतात. अशा वेळी 'हे शाळेत बोलायचं नाही' म्हणणं मला जमत नाही. ज्याचे आजोबा गेलेत त्याला त्यातून एवढंच कळेल की त्याचं दुःख इथे आणायचं नाही. मी आधी त्यालाच विचारते, तुझ्या घरी काय सांगितलं? त्याला बोलू देते. मग बाकीच्यांना सांगते की यांच्या घरी असं मानतात, तुमच्या घरी वेगळं मानत असतील, आणि मेल्यानंतर काय होतं ते परत येऊन कुणी सांगितलेलं नाही. मग आजोबांबद्दल बोलतो. ते कसे हसायचे, काय सांगायचे. कोण बरोबर, हा निकाल मी देत नाही. मूल हट्टानं विचारतं, 'पण बाई, तुम्हाला काय वाटतं?' तेव्हा मी म्हणते, ते तू मोठा झालास की सांगेन. हे टाळणं आहे, पण माझ्या आवाजाचं वजन मला माहीत आहे.

पद्धतशीर अभ्यास अकरा-बारा वर्षांनंतर व्हावा. आपल्याकडच्या कोठारी शिक्षण आयोगानं (1964 ते 66) धर्माची शिकवण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला होता आणि दुसऱ्याची शिफारस केली होती. तो फरक अजूनही उपयोगाचा आहे. धर्म कसे पसरले, त्यांत फाटे का फुटले, त्यांनी काय उभारलं, कुणावर अन्याय केला, कुणी आतूनच बंड केलं, हे सगळं त्या वयात पेलतं. ते न शिकवणं म्हणजे मुलाला इतिहास, चित्रकला, वास्तुकला अर्धीच दाखवणं. जर्मनीत 1921च्या कायद्यानुसार कोणता धर्म पाळायचा हे मूल 14व्या वर्षी स्वतः ठरवू शकतं. ठरवायचं तर त्याआधी काही वर्षं माहिती हवीच.

शाळा निवडताना काय विचारावं, असंही तुमच्यापैकी काही जण विचारतात. शाळेचं बोधवाक्य वाचू नका. प्रार्थनेत सहभागी न होणारं मूल त्या वेळी कुठे असतं आणि त्याच्याबरोबर कोण असतं, एवढं विचारा. 'असं मूल आमच्याकडे नाही' असं उत्तर आलं, तर आणखी एकदा विचारा.