आमची वाटचाल : २२० ग्रॅमचं हँडल

जीपच्या दरवाजाच्या हँडलवर कुणाचं घर चालतं का, असं माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बोलणीत विचारलं होतं. चालतं. कुर्ल्यातला दहा बाय बाराचा गाळा, दोन पोरं हाताखाली आणि मी. मागच्या पावसाळ्याआधी आम्ही एका महिन्यात सदतीस गाड्यांना हँडलं बसवली. सासरे आता नाहीत, नाहीतर आकडा कळवला असता.

वडील कुर्ल्यातच प्रीमियरच्या कारखान्यात दरवाजांच्या लाइनवर होते. पद्मिनीचा दरवाजा बरोबर लागला की नाही, हे ते ऐकून सांगायचे. घरी लोखंडी कपाटाचं दार नीट बसलं नाही तर जेवता जेवता उठायचे. कारखाना सुटल्यावर त्यांनी हा गाळा घेतला आणि टॅक्सी, टेंपो, जीप, जे येईल त्याचे दरवाजे दुरुस्त करायला लागले.

तेव्हाच्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. हार्डटॉप, म्हणजे पक्कं छप्पर, गॅरेजमध्ये बांधलेला, दरवाजा पत्रा ठोकून केलेला आणि हँडल चोरबाजारात मिळेल ते. मुरबाडचे एक मास्तर अशीच जीप घेऊन आले. डावा दरवाजा सुतळीनं बांधलेला. म्हणाले, “शेतावरून येतो मी. चिखलाच्या हातानं, तीन बोटांनी उघडलं पाहिजे. असं काही आहे का तुझ्याकडे?” नव्हतं. म्हटलं, करून देतो.

शेजारच्या गाळ्यात चाचांचं लेथ होतं. त्यांनी सागाच्या लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात तो नमुना, कोरला. ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं म्हणून शंभर मिलिमीटरला सव्वा मिलिमीटर जास्त धरून, आणि हे सगळं डोळ्यांनी. वर्नियर नंतर फक्त माझं समाधान व्हावं म्हणून लावला. पाती, म्हणजे बोटांनी ओढायचा भाग, रुंद, मागे बोटं जायला जागा, कडा अर्धगोल कानशीनं मारलेल्या. ती कानस अजून माझ्याकडे आहे, दाते गेलेत, पण मूठ चाचांनी स्वतः घडवलेली आहे, टाकवत नाही. ओतकाम एलएम ६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये. मुंबईच्या खाऱ्या हवेत दुसरं काही घेऊ नका. कागद न करता चाचा आणि मी अर्धे-अर्धे भागीदार झालो. मास्तरांनी पहिली जोडी लावून दरवाजा तीनदा उघडला, तीनदा लावला आणि ठरल्यापेक्षा वीस रुपये कमी दिले. तेव्हापासून दर मे महिन्यात ग्रीसिंगला येतात.

२६ जुलै २००५ला मिठीचं पाणी गाळ्यात छातीपर्यंत चढलं. ड्रिल मशीन गेलं, कंप्रेसर गेला. पॅटर्न मात्र तरंगत तरंगत पोटमाळ्याच्या कठड्याला अडकला होता, तो जसाच्या तसा मिळाला. पुराबद्दल लोक मला खोदून खोदून विचारतात. मला पुराचं एवढं वाईट वाटत नाही. पाण्यानं परत दिलेला पॅटर्न पुढे माणसानं नेला, त्याचं वाटतं.

मधली पाच-सहा वर्षं बरी गेली. २०१०ला महिंद्राची थार आली आणि जीपवाल्यांची नवी पिढी गाळ्यात यायला लागली.

आमच्याकडे एक फिटर होता. नाव लिहीत नाही. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. फाउंड्रीत माल आणायला तोच जायचा. एकदा पॅटर्न चार दिवस परत आला नाही. “भट्टी बंद आहे,” म्हणाला. दोन महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली आणि सहा महिन्यांनी बाजारात आमचंच हँडल आलं. तीच पाती, तीच कड; इतकंच काय, माझ्या कानशीचा एक ओरखडा पॅटर्नवर राहिला होता तोही उतरला होता. किंमत आमच्या निम्म्याहून कमी. वर चकचकीत क्रोम. आणि हातात घेतलं की जड.

तिथे आम्ही हरलो. गिऱ्हाईक हँडल हातात घेतं, तळव्यावर तोलतं आणि म्हणतं, “हे भक्कम आहे.” आमचं उचलून म्हणतं, “हे प्लास्टिकसारखं वाटतं हो.” मी समजावून थकलो. शेवटी तर दुकानदारही मलाच सांगायला लागले, जरा वजन वाढवा.

मग घाटात, खडकाळ रस्त्यावर, काहींचे दरवाजे आपोआप उघडायला लागले. आकार आमचा, म्हणून बोंब आमच्या नावानं. कुणाला काही झालं नाही ही देवाची कृपा, पण ऑर्डरी थांबल्या. तीनशे हँडलं गाळ्यात पडून. एक दिवस सकाळी चाचांच्या गाळ्यात गेलो तर एका लेथच्या जागी जमिनीवर नुसता तेलाचा काळा चौकोन होता. दुसऱ्या लेथवर काम चालू होतं. मी विचारलं, तर म्हणाले, “जागा होत नव्हती रे.” फाउंड्रीची उधारी त्यांनी मला न सांगता भागवली होती. ते आता नाहीत. तो चौकोन फरशीखाली गेला, तरी मला जागा बरोबर दाखवता येते.

मास्तरांना हे सगळं मेमध्ये कळलं. त्यांच्या ओळखीचे जीपवाले रविवारी जमायचे, तिथे ते मला घेऊन गेले. आधी शेजारच्या भाजीवालीचा काटा मागून आणला. आमचं हँडल २२० ग्रॅम, त्या फिटरचं ५१०. म्हणजे आतला धातू ‘मजाक’ नावाचा, जस्ताचा मिश्रधातू. तो ॲल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. मग मास्तरांनी वर्गात विचारतात तसं विचारलं, “दरवाजाला बाहेरून दणका बसला तर दरवाजा कुठे जाईल?” आत. “आणि जड पाती?” कुणी बोलेना. मी रबरी हातोडी घेतली आणि त्याचं हँडल लावलेल्या दरवाजावर एक ठोसा दिला. दरवाजा आत दबला, पाती होती तिथेच राहिली, म्हणजे दरवाजाच्या हिशोबानं ती उघडली गेली. लॅच, म्हणजे दरवाजा धरून ठेवणारी कडी, सुटलं. आमचं हँडल लावलेल्या दरवाजावर चार ठोसे मारले, लॅच हललं नाही. मोठ्या कंपन्या यासाठीच हँडलच्या आत उलटं वजन ठेवतात आणि स्प्रिंग कडक ठेवतात. त्या फिटरनं स्प्रिंगमध्येही पैसे वाचवले होते.

अर्धे लोक परत आले. बाकीच्यांना पटलं, पण “हातात हलकं लागतं” हे काही त्यांच्या मनातून गेलं नाही. त्या फिटरचा आज काचेच्या दरवाजाचा शोरूम आहे. मी तिथून जाताना दरवाजाच्या मुठीकडे बघतो. सैल आहे.

आता विषय निघालाच आहे तर स्वतः हँडल बसवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सुरुवातीला काच पूर्ण वर करा आणि पत्र्यावर मास्किंग टेप लावा. पाना एकदा तरी निसटतोच. आतलं पॅनल उघडल्यावर जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो फाडू नका, पावसाचं पाणी तोच अडवतो. हँडल आणि लॅच जोडणाऱ्या रॉडच्या क्लिपा जुन्या वापरू नका, दोन-चार रुपयांसाठी दरवाजा अडकतो. जुन्या हँडलमधला कुलपाचा बॅरल नव्यात घाला, नाहीतर गाडीला दोन किल्ल्या होतात. हँडलचा दांडा आणि लॅचची पट्टी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं पाहिजे. फट नसेल तर खड्ड्यात दरवाजा उघडेल, फार असेल तर ओढून ओढून पाती मोडेल. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा पिळू नका, ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी तो निघणार नाही. आणि दरवाजा लावायच्या आधी, तो उघडाच ठेवून, पेचकसानं लॅच बंद करा आणि हँडल ओढून बघा. सुटलं तरच दरवाजा लावा. हे न केलेली गाडी आमच्याकडे येते तेव्हा दरवाजा आतून-बाहेरून बंद असतो आणि मालक मागच्या दारानं चढून आत शिरलेला असतो.

ज्या गाडीच्या हँडलमध्येच किल्लीविना उघडायचा सेन्सर आहे, तिला धातूचं हँडल मागू नका. आम्ही बसवत नाही. थार रॉक्सवाले मागच्या खांबातल्या हँडलवर चिकटवायला क्रोमची टोपी मागतात, तीही आम्ही ठेवत नाही. समोरच्या गाळ्यात मिळते.

मास्तर आता गाडी चालवत नाहीत, मुलगा चालवतो, ते शेजारी बसतात. यंदा डाव्या दरवाजाची स्प्रिंग बदलायची आहे, ती मी काढून ठेवलीय. वीस रुपये ते अजून कमीच देतात.