बारा वाजले तरी सावली का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहायला घेतलं. प्रश्न असा असतो: "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, असं मुलांना शिकवतात. मुलीला गच्चीवर नेऊन दाखवायला गेलो, तर सावली होतीच. आमचं काय चुकलं?"

तुमचं काही चुकलं नाही. त्या वाक्यात वेळ आणि दिवस, दोन्ही ढोबळ आहेत.

आधी वेळ. आपल्या घड्याळातले बारा हे ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे बारा. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात आणि मुंबई त्या रेषेच्या साडेनऊ अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला आहे. म्हणून मुंबईत सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात साधारण १२ वाजून ३८-३९ मिनिटं झालेली असतात. १९५५ पर्यंत मुंबईत वापरात असलेली 'बॉम्बे टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, ती याच हिशोबाने.

त्यात आणखी थोडी भर पडते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर काही मिनिटं पुढेमागे होत राहतो. मेच्या मध्याला तो साडेतीन मिनिटं लवकर येतो, जुलैअखेर साडेसहा मिनिटं उशिरा. पुण्याचा मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ, १४ मे रोजी १२:३१ ला, तर २९ जुलैला १२:४१ ला. नागपूर बरंच पूर्वेला, म्हणून तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यात १२:११ लाच मध्यान्ह होतो. अशा वेळांचं कोष्टक जवळ नसेल तरी अडत नाही. तुमच्या गावचा त्या दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त पाहा आणि दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढा. मात्र दिनदर्शिकेत छापलेल्या वेळा बहुधा एकाच शहराच्या असतात. मुंबईच्या वेळा घेऊन चंद्रपुरात बसलात तर पंचवीस मिनिटं उशीर झालाच म्हणून समजा.

आता दिवस. मध्यान्हालाही सूर्य रोज डोक्यावर येत नाही. वर्षभरात तो उत्तरेला २३.४ अंशांपर्यंत जातो आणि दक्षिणेला तितकाच. तो तुमच्या गावच्या अक्षांशावरून जातो त्याच दिवशी बरोबर डोक्यावर येतो. एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परत येताना, असे दोनच दिवस. पणजीला २-३ मे, कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १०-११ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मेच्या आसपास आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. लीप वर्षामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो. परतीच्या तारखा पुण्यात २९-३० जुलै, मुंबईत २७-२८ जुलै, नागपुरात १६-१७ जुलै. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे खरा भरवसा मेचाच. शाळा बंद असतात त्याच दिवसांत हे घडतं, याचं फार वाईट वाटतं. दिल्लीतल्या भाचरांना मात्र हे घरी कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

याच्याशी जोडलेला आणखी एक घट्ट समज आहे. भारतात दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते, असं बहुतेकांना वाटतं. पुण्यात १४ मे ते २९ जुलै या काळात ती दक्षिणेला पडते. २१ जूनला, म्हणजे सगळ्यात मोठ्या दिवशी, सूर्य पुण्याच्या डोक्यावरून जवळजवळ पाच अंश उत्तरेला सरकलेला असतो. एक मीटर उंचीच्या काठीची सावली तेव्हा साडेआठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. मुलांना हे आधी सांगू नका. त्यांना होकायंत्र घेऊन खाली बसू द्या.

आता मांडणी. दोन-तीन इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. प्लंबरकडे असे तुकडे पडलेले असतात. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत. बाटली नको, कारण तिची मान निमुळती असते आणि मानेची सावली तिच्याच खांद्यावर पडून लपते. झाकणाचा डबाही नको. झाकणाची कड बाहेर आलेली असते, म्हणजे सूर्य डोक्यावर असतानाही बुडाशी सावली दिसणार. पेन्सिल फारच आखूड. ती थोडी तिरकी असली तरी सावली गेल्यासारखी वाटते आणि मुलं खऱ्या वेळेच्या आधीच टाळ्या वाजवतात.

सगळा खेळ बिघडतो तो गच्चीच्या उतारामुळे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेलाच असतो. शंभराला एक इतका उतार धरला तर पाइप अर्ध्या अंशाहून जास्त कलतो आणि मध्यान्हालाही तीन मिलिमीटर सावली शिल्लक राहते. म्हणून पाइप थेट फरशीवर ठेवू नका. एक फळी घ्या, तिच्यावर स्टीलचं ताट ठेवून त्यात पाण्याचा पातळ थर ओता. पाणी एका कडेला जमत असेल तर फळीच्या त्या बाजूखाली कागदाच्या घड्या सारा. थर सगळीकडे सारखा झाला की ताट अलगद काढा, फळीवर पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर पाइप उभा करा. शेवटी ओळंबा लावा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतो. दोरा पाइपच्या बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत सारखा लागला पाहिजे, आणि हे दोन बाजूंनी तपासायचं: एकदा उत्तरेकडून, एकदा पूर्वेकडून. एकाच बाजूने तपासून मोकळं होणारे पुष्कळ असतात आणि पाइप नेमका दुसऱ्या बाजूला कललेला निघतो.

मध्यान्हाच्या अर्धा तास आधी सुरुवात करा. तेव्हा ३० सेंटिमीटरच्या पाइपची सावली पश्चिमेला ३.७ सेंटिमीटर असते. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून शेजारी वेळ लिहा. शेवटच्या पाच मिनिटांत पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघा. सावली मिनिटाला साधारण सव्वा मिलिमीटर आखडते. ऐन क्षणी बुडाभोवती पुसट, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची राखाडी कड चहूबाजूंनी सारखी दिसते. ती तुमची चूक नव्हे. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून पाइपच्या भिंतीलगत त्याचा काही भाग झाकला जातोच. कड सगळीकडून सारखी झाली की शून्य सावली झाली. दोन मिनिटांत पूर्वेकडची बाजू जाड व्हायला लागते.

पुढचा अर्धा तासही खुणा करत राहा. सगळ्या खुणा जोडल्या की पाइपच्या बुडातून जाणारी जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि ती मोबाइलमधल्या होकायंत्राहून जास्त विश्वासाची. तो दिवस ढगात गेला तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा. मेच्या मध्याला एका दिवसाचा फरक या पाइपवर जेमतेम सव्वा मिलिमीटर असतो. एक गोष्ट मात्र निक्षून: पाइपमधून वर सूर्याकडे कोणीही बघायचं नाही, क्षणभरही नाही. पायात चप्पल, डोक्यावर टोपी, आणि दोन खुणांच्या मध्ये सावलीत बसायचं.

मुलं नववी-दहावीची असतील तर इथे थांबू नका. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने याच कल्पनेवर पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीनला, म्हणजे आजच्या अस्वानला, सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला होता, म्हणून दोन गावांमधल्या अंतराची पन्नास पट म्हणजे परीघ. आपल्याकडे यासाठी पुणे आणि पणजी ही जोडी सुरेख आहे. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर, त्यामुळे मध्यान्ह एकाच वेळी होतो. सरळ रेषेत अंतर सुमारे ३३५ किलोमीटर. रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही, त्यात घाटाची वळणं मोजली जातात.

पुण्यात १४ मेला सावली शून्य असताना पणजीच्या मावशीने किंवा मित्राने एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून १२:३१ ला सावली मोजायची. ती ५.३ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, आणि दक्षिणेकडे. एक मीटरच्या काठीला प्रत्येक सेंटिमीटर सावलीमागे ०.५७ अंश धरा, म्हणजे ३.०२ अंश. ३३५ ला ३.०२ ने भागून ३६० ने गुणलं की सुमारे ३९,९०० किलोमीटर येतात. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. पणजीत सावली २ मिलिमीटर कमी मोजली गेली तर उत्तर दीड हजार किलोमीटरने फुगतं. म्हणून पुसट कडेचा मध्य धरायचा आणि तिघांनी वेगवेगळं मोजून सरासरी घ्यायची. काठी दीड मीटरची मिळाली तर तीच वापरा. सेंटिमीटरमागे तेव्हा ०.३८ अंश धरायचे.