जपानची पहिली फेरी : नऊ दिवस, दोनच मुक्काम

टोकियो, हाकोने, क्योटो, हिरोशिमा, ओसाका असं सगळं एकाच फेरीत बसवलेलं वेळापत्रक कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात दर दुसरी सकाळ बॅगा भरण्यात आणि स्टेशन शोधण्यात जाते. जपानमधली देवळं, बागा आणि जुन्या गल्ल्या मात्र सकाळी नऊच्या आतच मनासारख्या बघता येतात. म्हणून हा मार्ग दोनच मुक्कामांचा आहे : टोकियोत चार रात्री, क्योटोत चार रात्री, आणि नारा क्योटोहून एका दिवसात जाऊन-येऊन. विमान टोकियोत उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून सुटणारं घ्या. क्योटोहून टोकियोला परतण्याचे सुमारे १४,००० येन आणि अर्धा दिवस वाचतो.

साकुरा (चेरीचा बहर) साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो, तर क्योटोतली लाल पानं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. २९ एप्रिल ते ५ मेच्या सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण टाळा, कारण त्या दिवसांत सगळा जपानच प्रवासाला निघालेला असतो.

भारतात राहणाऱ्या भारतीयांना १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो एकदाच प्रवेशाचा असतो, मुक्काम जास्तीत जास्त ९० दिवस, आणि अर्ज व्हीएफएस केंद्रातूनच करायचा. घोळ होतो तो विमानतळावर. व्हिसा फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, मूळ वेबपानावरच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद चालत नाही. त्यामुळे ई-सिम किंवा रोमिंग घरूनच चालू करून निघा. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहितीही ‘व्हिजिट जपान वेब’वर आधीच भरा, म्हणजे तिथे फक्त क्यूआर कोड दाखवायचा.

आपल्याकडच्या सामानात दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे कच्चं धान्य. ताज्या मिरच्या, कढीपत्ता, बहुतेक फळं नेताच येत नाहीत; तांदूळ, डाळी यांना निर्यातदार देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर माल तिथेच काढून घेतात. थेपले, चिवडा, चटणी, मेतकूट न्या. दुसरी म्हणजे खिचडीचा छोटा विजेचा कुकर. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते, त्यामुळे २३० व्होल्टचा कुकर तिथे पाचव्या हिश्शापेक्षाही कमी तापतो आणि खिचडी तासाभरानंतरही कच्चीच राहते. फोनचे चार्जर सहसा चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पर्यटक पास, डोळे झाकून घेऊ नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० झाला. टोकियो-क्योटो एकदाच जाणाऱ्याला सुट्टं तिकीटच परवडतं. नोझोमी ही शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, ते अंतर सव्वादोन तासांत कापते आणि हिकारी साधारण पावणेतीन तासांत. आरक्षण करताना ‘ई’ ओळीतली खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास उजव्या हाताला फुजी दिसतो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत असेल तर मोठ्या सामानासाठीची सीट आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर गाडीत १,००० येन मोजा. त्याहून चांगला उपाय म्हणजे ताक्युबिन. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि तारीख फॉर्मवर लिहायची; बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी क्योटोत पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. चाकांच्या मोठ्या बॅगा घेऊन क्योटोच्या सिटी बसमध्ये चढायचा विचारही करू नका.

शहरातल्या प्रवासाला सुइका कार्ड घ्या. ते क्योटोतही चालतं, पण टोकियोत गेटवर टेकवून क्योटोत बाहेर पडता येत नाही. शिंकान्सेनचं तिकीट वेगळंच काढायचं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सुइकाची चिप सहसा नसते, म्हणून प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि मशीनमध्ये रोख रक्कम भरा. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर मिळतात.

टोकियोत पहिल्या सकाळी आसाकुसाचं सेन्सोजी हे बौद्ध मंदिर. मुख्य मंडप सहाला उघडतो (थंडीत साडेसहाला) आणि दहानंतर नाकामिसे गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मेइजी जिंगू या शिंतो देवळासाठी दुसरी सकाळ ठेवा. दाराशी हात धुण्याची पद्धत अशी : ओगराळं उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग उजवा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, ओगराळ्याला तोंड लावायचं नाही, शेवटी ओगराळं उभं धरायचं म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. शिंतो देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. चहाच्या विधीचा महागडा कार्यक्रम घेण्याआधी हामारिक्यू बागेत तळ्यामधल्या चहाघरात बसून माचा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि सोबतची मिठाई घ्या. आधी मिठाई खायची, मग वाटी दोनदा थोडी फिरवून प्यायची. माचा कडू लागतो, तो त्या गोडावरच उतरतो.

क्योटोत फुशिमी इनारी हे शिंतो देऊळ चोवीस तास उघडं आणि विनामूल्य असतं. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनची लोकल पकडा, दुसरंच स्टेशन इनारी. जलद गाडी तिथे थांबत नाही, आणि अनेकांची फसगत नेमकी इथेच होते. सातच्या आत पोचलात तर लाल तोरीइंच्या (देवळाच्या कमानींच्या) रांगेत शांतता मिळते. वरपर्यंतच्या पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत जाऊन, शहर बघून परत फिरा.

पण क्योटोत एकच जागा निवडायची तर ती सांजूसांगेनदो हे बौद्ध मंदिर, आणि भारतीय माणसासाठी तर नक्कीच. १२६६ साली पुन्हा बांधलेली, सुमारे १२० मीटर लांबीची लाकडी इमारत, आणि आत सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती. बहुतेक लोक त्या रांगा बघत पुढे सरकतात. तुम्ही पुढच्या अठ्ठावीस रक्षक देवतांपाशी थांबा. कारुरा म्हणजे आपला गरुड : चोच, पंख आणि ओठांशी धरावी तशी चोचीशी धरलेली बासरी. इंद्र आणि ब्रह्माही तिथे ताइशाकुतेन, बोन्तेन या नावांनी आहेत. बूट बाहेर काढायचे असतात, लाकडी फरशी थंडीत बर्फासारखी असते, म्हणून जाड मोजे घाला. फोटोला बंदी आहे.

नाराला किंतेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने जा, तिचं स्टेशन हरणांच्या उद्यानाला जवळ पडतं. तोदाइजी मंदिरातला सुमारे १५ मीटर उंच बुद्ध नंतर अनेकदा दुरुस्त केलेला आहे, पण ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला होता. हरणांना बिस्किटं देताना टंगळमंगळ केली की ती चावतात. बिस्किटं लगेच द्या आणि संपल्यावर रिकामे तळवे दाखवा.

शाकाहारींची खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. हा वाळवलेल्या माशांच्या किसाचा अर्क मिसो सूप, सोबाचा रस्सा, अंड्याची वडी, उकडलेली भाजी अशा सगळ्यांत असतो आणि वाढणाऱ्याला तो ‘मासा’ वाटतच नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून उपयोग नाही. म्हणा : ‘निकु तो साकाना तो दाशी नाशि दे, ओनेगाइशिमासु’, म्हणजे मांस, मासे आणि दाशी नको. भाज्यांच्या तेम्पुराबरोबरचा सॉसही दाशीचाच असतो, त्याऐवजी ‘शिओ’, म्हणजे मीठ मागा. पिठात अंडं असतं हेही लक्षात असू द्या. क्योटोत एकदा तरी शोजिन र्‍योरी, मठांतलं कांदा-लसणाशिवायचं जेवण, आधी सांगून ठेवा. टोकियोत आपल्या चवीची आठवण आली तर निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची वस्ती आहे आणि तिथे भारतीय हॉटेलं, वाणसामानाची दुकानं मिळतात.

निघण्याआधी दोन संध्याकाळी काताकाना, म्हणजे मुख्यतः परक्या शब्दांसाठीची जपानी लिपी, शिका. तिचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. तो संस्कृत वर्णमालेवरूनच आलेला असल्याने मराठी माणसाच्या तोंडी पटकन बसतो. ‘कारे’ (करी), ‘रामेन’ (नूडल्स), ‘पान’ (पाव) हे पाटीवर वाचता येऊ लागतं.

परतीला क्योटोहून कान्साई विमानतळापर्यंत हारुका एक्स्प्रेसला सव्वा तास धरा. सुइकाची ५०० येन अनामत टोकियो भागातच परत मिळते, क्योटोत नाही. उरलेले पैसे विमानतळावरच्या दुकानात खर्च करा आणि साधं सुइका (पर्यटकांसाठीचं अल्प मुदतीचं नव्हे) असेल तर पासपोर्टबरोबर जपून ठेवा. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालतं.