तीन समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे

सुट्टी लागल्यापासून मुलं मोबाइलला चिकटलेली, म्हणून आज लेकीला आणि भाच्याला घेऊन सकाळी लवकर नाशिकच्या पांडवलेण्याला गेलो. ऊन चढायच्या आत वर पोचायचं, एवढाच बेत होता. पायऱ्यांवर 'अजून किती?' दहादा झालं.

एकूण २४ लेणी, पण आम्ही रमलो ते तिसऱ्यातच. बाहेरच्या बाजूला जोत्याखाली सहा बुटके दगडी गण तुळया खांद्यावर घेऊन बसलेत. भाचा त्यांच्यासारखे खांदे करून किती तरी वेळ उभा राहिला. आत ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. गौतमी बलश्री या आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल लिहवून घेतलेला. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय, असं त्यात म्हटलंय. लेक लगेच म्हणाली, "बाबा, खारट पाणी घोडे कसे पितील?" मग अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, हिंदी महासागर, सगळा भूगोल तिथेच झाला. राजा आईच्या नावाने ओळखला जातो, हे तर तिला फारच आवडलं.

ब्राह्मीतला 'क' म्हणजे साधं अधिकचं चिन्ह. ते कळल्यावर दोघं भिंतीला हात न लावता 'क' शोधत बसली. खरं सांगतो, मलाही उठवेना.

पायथ्याशी उसाचा रस प्यायलो. आत्ता अंगणात खडूने फरशीभर अधिकची चिन्हं काढणं चाललंय. आजी विचारतेय, "हे गणित कसलं रे?"