तुम्ही विचारलंत म्हणून: सिंधू अजून कशाला?

‘दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन वर त्यालाच वाचवणारी बाई आजच्या काळात कशाला करता?’ राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या संगीत नाटकात ती बाई, सिंधू, मी करते. प्रयोग संपला की रंगपटात कुणी ना कुणी हे विचारतंच. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. काळ कसा होता हे गडकऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सिंधू रडकी वाटते, त्याला कात्रीही जबाबदार आहे. पाच अंकांचं नाटक तीन तासांत बसवताना विनोदी दारुड्या तळीरामाचे प्रवेश राहतात, कारण तिथे हशा आहे. सुखवस्तू माहेरची, हसती सिंधू मात्र कापली जाते. मग उरतो तो नुसता पदर आणि डोळे. (१९१९ साली ही भूमिका बालगंधर्वांनी केली, म्हणून त्यांचीच लकब हवी, हा आग्रह वेगळाच.) शिवाय रडणं गळ्यात उतरलं की नाक चोंदतं, सूर उतरतो. ‘कशि या त्यजू पदाला’ या तिच्या गाण्याच्या आधी दोन वाक्यं रडणं थांबवावं लागतं. ऑर्गनचा षड्ज कोरड्या गळ्यानेच धरता येतो.

पण तुमचा खरा राग पाचव्या अंकावर असतो. मूल गेलंय, सिंधू मरणाच्या दारी आहे, आणि फौजदाराला ती नवऱ्याला, सुधाकरला, वाचवणारं खोटं सांगते. इथे सुधाकरकडे पाहिलं की संपलं, पतिव्रतेचा फोटो होतो. नजर फौजदारावरच हवी. त्याचा प्रश्न पुरा होऊ द्यायचा, एकच श्वास घ्यायचा आणि सरळ उत्तर द्यायचं. विराम लांबला की प्रेक्षक आधीच हळहळतो. सपाट निजलं तर वरच्या माइकला शब्द पोचत नाहीत, म्हणून उशी वीतभर उंच आणि खांदा प्रेक्षकांकडे. धाप प्रत्येक शब्दाला नाही, वाक्य तुटतं तिथेच. गडकऱ्यांची वाक्यं लांब असतात, धाप चुकीच्या जागी पडली की अर्थ सांडतो. असं केलं तर ती शुद्धीवर असलेल्या बाईची साक्ष वाटते, विचार करून दिलेली.

तरी टाळी पडते ती पतिव्रतेलाच. ती मला अडवता येत नाही, आणि ती ऐकायला वाईट वाटते असंही नाही. ‘मग ते खोटंच काढून टाका ना,’ असं तुम्ही म्हणाल. काढून पाहा. सुधाकरच्या शेवटच्या, विषाच्या प्याल्याला मग कारणच उरत नाही.